सातव्या फेरीतलं नाव

माझ्या भाच्याचं नाव टीव्हीवर वाचलं जाऊ नये म्हणून मी त्या शनिवारी सकाळपासून देवाला विनवत होतो. त्याच घरात, त्याच छपराखाली, माझी सख्खी बहीण वर्नेल आणि तिने बोलावलेली ऐंशी माणसं देवाकडे नेमकं उलटं मागत होती. देवाने कुणाचं ऐकावं? ऐंशी विरुद्ध एक. त्यातून मी वर्षभर चर्चच्या दारात न दिसणारा.

एप्रिलच्या शेवटी बत्तीस संघ कॉलेजातून सुटलेले अमेरिकी फुटबॉलचे खेळाडू आपसात वाटून घेतात. तीन दिवस, सात फेऱ्या, अडीचशेच्या वर नावं. एक माणूस मंचावर येतो, चिठ्ठीवरचं नाव वाचतो, आणि कुठल्यातरी घरात आरडाओरडा होतो. आमच्या दक्षिण जॉर्जियात, पेकन अक्रोडांच्या बागा आणि कोंबड्यांचा कारखाना सोडला तर काही नसलेल्या आमच्या गावात, त्या आठवड्यात कुणी लग्न ठरवत नाही. गुरांच्या बाजारात असतं तेच इथे असतं. दात बघतात, पाय बघतात, पळवून बघतात. फरक एवढाच की इथे गुराची आई नवा झगा घालून टाळ्या वाजवते.

हे मी वर्नेलला एकदा तोंडावर म्हटलं होतं. तिने दोन महिने मला जेवायला बोलावलं नाही.

जेरिको तिचा एकुलता एक. रनिंग बॅक. म्हणजे चेंडू काखेत दाबून, दीडशे-दीडशे किलोची माणसं जिथे वाट अडवून उभी असतात नेमकं तिथेच शिरणारा. बाकीच्या जागांवरचे खेळाडू म्हातारे होतात. चेंडू फेकणारा चाळिशीपर्यंत खेळतो, चेंडूला लाथ मारणारा तर नातवंडं होईपर्यंत. रनिंग बॅक म्हातारा होत नाही, तो संपतो. सरासरी काढली तर पुरती तीन वर्षंही भरत नाहीत. सत्ताविसाव्या वर्षी त्याला थकलेला म्हणतात, आणि म्हणणारे सगळे साठीचे, ढेरपोटे, जिना चढताना धापा टाकणारे.

मला हे कुणी सांगायला नको. मीही रनिंग बॅकच होतो. पाचव्या फेरीत माझं नाव वाचलं गेलं, ऑर्विल टिल्मन, आणि आमचे वडील, जे आमच्या आईच्या मयतीला रडले नव्हते, ते स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. पहिली दोन वर्षं संघाने मला बाकावर ठेवलं. तिसऱ्या वर्षी माझ्या पुढचे दोघे मोडले तेव्हा मला तीनशे वेळा चेंडू दिला. चौथ्या वर्षी गुडघा गेला. एका मंगळवारी मला ऑफिसात बोलावलं, आणि मी परत आलो तोवर माझे बूट, कपडे, आईचा फोटो, सगळं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून दारात ठेवलेलं होतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. तेव्हापासून मी शाळेची बस चालवतो, आणि बसच्या तीन पायऱ्या चढायला मला दांडा धरावा लागतो.

म्हणून जेरिको नऊ वर्षांचा असल्यापासून मी त्याच्या पायांवर नजर ठेवून होतो. शाळेच्या संघाचा कोच त्याला दर शुक्रवारी अडतीस-अडतीस वेळा चेंडू द्यायचा. एकदा आम्ही पस्तीस गुणांनी पुढे होतो तरी देतच होता. मी कुंपण ओलांडून त्याच्यापाशी गेलो आणि म्हटलं, "कोच, पोराला बसव. नाहीतर ही शाळेची बस मी तुझ्या मैदानाच्या मधोमध आणून उभी करीन, आणि किल्ली तळ्यात फेकीन." त्याला हसू आलं. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि जेरिकोला बसवलं. घरी येताना जेरिको गाडीत रडत होता. "मामा, तू माझी लाज काढलीस." मी म्हटलं, "लाज परत मिळते रे. गुडघा मिळत नाही."

कॉलेजात मात्र माझी बस पोचत नव्हती. तिथे त्यांनी तीन वर्षांत त्याला जवळपास सातशे वेळा त्या माणसांच्या भिंतीवर आपटलं. स्टेडियम भरलं, कोचने नवं घर बांधलं, जेरिकोच्या घोट्यात दोन खिळे आले. आणि निवडीची वेळ आली तेव्हा हेच शहाणे म्हणायला लागले, पोरगा चांगला आहे पण फार वापरलेला आहे. ज्या धावांवर तुम्ही नाचलात, त्याच धावा त्याच्या पायातून वजा करता? हा प्रश्न मी टीव्हीला पुष्कळदा विचारला आहे. टीव्ही उत्तर देत नाही.

तर तो घसरत घसरत सातव्या फेरीवर आला. आणि सातव्या फेरीत एक भानगड आहे, जी आईबापांना कुणी सांगत नाही.

सातव्या फेरीत ज्याचं नाव वाचतात त्याला चार वर्षं त्याच संघाशी बांधून घेतात. त्या संघात आधीच चार जण रांगेत असले तरी. ज्याचं नाव कुणीच वाचत नाही तो त्याच संध्याकाळी मोकळा असतो. बोलावतील त्यातला कुठला संघ घ्यायचा हे तो ठरवतो, आणि करार तीनच वर्षांचा. चार आणि तीन. दुसऱ्या कुणाला त्यात फरक वाटणार नाही. ज्याच्या पायात सगळी मिळून सहा-सात वर्षं उरली आहेत त्याला विचारा.

जेरिकोची एजंट सेलिना ब्रूअर, आधी वकिली करायची, फटकळ बाई. तिने आठवडाभर आधी मला आणि जेरिकोला हे समजावून सांगितलं होतं. उत्तरेतल्या एका थंड गावचा संघ त्याला सातव्या फेरीत घ्यायला बघत होता. त्यांच्याकडे चार रनिंग बॅक होते. त्यांना सरावात मार खायला पाचवा हवा होता. दुसरा संघ किनाऱ्यावरचा. त्यांचा मुख्य रनिंग बॅक सोडून गेला होता, दुसऱ्याची पाठ धरली होती, आणि शेवटच्या फेऱ्यांतल्या आपल्या पाळ्या त्यांनी आधीच दुसऱ्या संघांना देऊन टाकल्या होत्या. त्यांच्या कोचने सेलिनाला सांगितलं होतं, "पोरगा मोकळा राहिला तर पहिला फोन माझा."

"मग उत्तरवाल्यांचा फोन आला की त्यांना नम्रपणे सांगायचं, मला घेऊ नका," सेलिना म्हणाली. "नको म्हणणाऱ्याला शक्यतो कुणी घेत नाही."

जेरिकोने घोट्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "कळलं. पण मामा, आईला तू सांग."

मी हो म्हटलं. आणि सांगितलं नाही. सोमवारी नाही, बुधवारी नाही. मला दीडशे किलोच्या माणसांची कधी भीती वाटली नाही, पण माझ्या धाकट्या बहिणीला हे सांगायला माझी जीभ उचलेना. एकोणीस वर्षं ती कारखान्यात कोंबड्यांचे पंख कापते. थंडीत तिची बोटं वळत नाहीत. तिला ते एक नाव ऐकायचं होतं, टीव्हीवरच्या त्या सूटबूटवाल्याच्या तोंडून. जेरिको पेटवे. बस.

त्या शनिवारी तिने पिवळा झगा घातला होता. अंगणात चुलत्यांनी पहाटेपासून डुकराच्या फासळ्या धुरावर लावल्या होत्या. पास्टर हॉलिस खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढून बसले होते की मागच्यांना त्यांचं टक्कलच दिसत होतं. शेजारच्या ओडेसामावशींनी तीन मजली पांढरा केक आणला होता, वर काहीही न लिहिलेला. बत्तीस संघांचे रंग लक्षात घेऊन त्यांनी सात रंगांच्या साखरेच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. नाव वाचलं की त्या रंगात त्या लगेच नाव काढणार होत्या.

"नारिंगी नसला म्हणजे मिळवली," त्या मला म्हणाल्या. "नारिंगी जमला नाहीये. उकडलेल्या गाजरासारखा झालाय."

मी म्हटलं, "मावशी, पांढराच छान दिसतोय."

"हट्! पांढरा केक लग्नाला. इथे काय लग्न आहे?"

जेरिकोचा फोन टीव्हीसमोरच्या स्टुलावर, एका काचेच्या बशीत ठेवला होता. कुणी फोन करू नये म्हणून वर्नेलने सगळ्या नातेवाइकांना दम दिला होता, तरी दर दहा मिनिटांनी कुणीतरी करत होतंच. फोन वाजला की ऐंशी माणसं श्वास रोखायची. जेरिको बघायचा आणि म्हणायचा, "डॅरोकाका आहेत, मस्टर्ड आणू का विचारतायत." मग ऐंशी माणसं मिळून डॅरोकाकाला शिव्या घालायची.

चारच्या सुमारास सहावी फेरी संपत आली. सेलिनाचा फोन आला तेव्हा जेरिको फोन घेऊन मागच्या पायरीवर गेला. मी मागोमाग. त्याने मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"जेरिको, उत्तरवाले पाच-दहा मिनिटांत तुला फोन करतील," सेलिना म्हणाली. "ठरल्याप्रमाणे. नम्रपणे नाही म्हण, आभार मान, ठेवून दे."

"ठरल्याप्रमाणे?"

हे सेलिना बोलली नव्हती. वर्नेल आमच्या मागे दारात उभी होती, हातात फासळ्यांचं ताट.

"कुणाचं ठरलं?" ती म्हणाली. "काय ठरलं? कशाला नाही म्हणायचं?"

जेरिकोने सेलिनाचा फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. "मामा, तू सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो."

"कधी? माझ्या मयतीत?" वर्नेलने ताट पायरीवर आपटलं. "बोल आता."

मी बोललो. चार वर्षं, तीन वर्षं, रांगेतले चौघं, किनाऱ्यावरचा संघ. मी आयुष्यात इतकं वाईट कधी बोललो नसेन. ती ऐकत होती, आणि तिच्या मानेवरची शीर उडत होती. आमच्या आईची तशीच उडायची.

"म्हणजे माझ्या घरात ऐंशी माणसं बसलीयत," ती म्हणाली, "पास्टर उपाशी बसलेत, आणि तुम्ही दोघं इथे मागच्या दाराने त्याचं नाव पुसायला निघालात."

"वर्नेल, पुसत नाहीये. वर्षं वाचवतोय त्याची."

"तुला सोपं आहे ऑर्विल." ती मला एरवी दादा म्हणते. "तुझं नाव वाचलं गेलं. त्या दिवशी घरात काढलेली कॅसेट तू अजून कपाटात ठेवलीयस. दर एप्रिलला दार लावून बघतोस, मला माहीत नाही वाटतं? स्वतः पोटभर जेवलास आणि माझ्या पोराला सांगतोस उपास चांगला असतो."

तिचं खरं होतं. ती कॅसेट मी बघतो. ज्या माणसांना मी चोर म्हणतो त्यांच्यातल्याच एकाने माझं नाव वाचलं, आणि ते ऐकताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. मला त्याचा राग येतो. पण येतो काटा.

"मी बघतो ती," मी म्हटलं. "त्यात बाबा रडताना ऐकू येतात, नळाच्या आवाजात. पण वर्नेल, त्या नावाने मला चार वर्षं दिली. त्यातली दोन बाकावर गेली. मला सहा हवी होती. याला तरी मिळू दे."

"किती आहेत त्याच्या पायात?" तिने एकदम विचारलं. हिशेबाने नाही, डॉक्टरला विचारावं तसं. "खरं सांग. तू लहानपणापासून बघतोयस."

"सात. जपून वापरलं तर."

"आणि उत्तरवाल्यांकडे?"

"तीन सरावात मार खाण्यात. चौथ्यात पिशवी."

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता, उत्तरेकडचा. घरातून लगेच आरोळी आली, "वाजला! वाजला! शू!" आणि मग आत ऐंशी माणसांची शांतता, जी मागच्या पायरीपर्यंत ऐकू येते.

जेरिकोने फोन दोन्ही हातांत धरला होता. शंभर किलोचा गडी, आणि बघत होता आईकडे. पहिल्या दिवशी शाळेच्या बसमध्ये चढताना बघितलं होतं तसं.

"माझ्याकडे बघू नकोस," वर्नेल म्हणाली. "माझ्याकडे बघितलंस तर तुला हो म्हणावं लागेल."

आणि तिने पाठ फिरवली. पिवळ्या झग्यातली ती पाठ, कोंबड्यांच्या टेबलावर वाकून वाकून गोल झालेली. पुन्हा वळली नाही. पलीकडच्या तारेवर वाळत घातलेले टॉवेल बघत उभी राहिली.

जेरिकोने फोन घेतला. "हो सर. हो, मीच. नमस्कार." पलीकडचा माणूस बरंच बोलला. "सर, तुमचे फार आभार आहेत. पण माझी विनंती आहे की मला घेऊ नका." पलीकडचा काहीतरी म्हणाला. "हो, मला माहीत आहे याचा अर्थ काय ते. हो सर. नाही, मला कुणी शिकवलेलं नाही. माझे पाय आहेत, सर."

पलीकडून फोन आपटला गेला. निरोप नाही, काही नाही.

"झालं?" वर्नेलने पाठमोरीच विचारलं.

"झालं, आई."

तिने झग्याच्या बाहीने तोंड पुसलं, ताट उचललं आणि म्हणाली, "आत चला. कुणाला काही बोलायचं नाही. एवढ्या लांबून लोक आलेत, त्यांना शेवटपर्यंत बसायचंय. त्यांची मजा मी घालवणार नाही."

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. आम्हा तिघांना माहीत होतं की नाव येणार नाही, आणि आम्ही सोफ्यावर एका ओळीत बसून वाट बघत होतो. लोकांनी विचारलं कुणाचा फोन होता. "विम्यावाला," वर्नेल म्हणाली, आणि सगळ्यांनी विम्यावाल्याला शिव्या घातल्या. पास्टर हॉलिस उठले. सगळ्यांना हात धरायला लावले, आणि त्यांनी देवाला अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं की जेरिको पेटवे हे नाव आता, याच फेरीत, उच्चारलं जावं. शेवटी सगळे आमेन म्हणाले. वर्नेलही म्हणाली. माझा हात तिच्या हातात होता. तिने तो इतका दाबला की सोमवारी बसचं स्टीअरिंग धरताना मला तो जाणवत होता.

मग उत्तरवाल्यांची पाळी आली. मंचावरचा माणूस म्हणाला, "रनिंग बॅक," आणि आमचं अख्खं घर उभं राहिलं. डॅरोकाकाने तर मस्टर्डची बाटली हवेत उडवली. "...कॉर्डेल विम्स." घर तसंच उभं राहिलं, कुणाला बसायचं सुचेना. पडद्यावर कुठल्यातरी दुसऱ्या गावातलं दुसरं घर दिसलं. एक बुटका पोरगा, आणि त्याची आई उड्या मारत होती, चपला निघून गेल्या तरी मारत होती.

आमच्या घरातून एक आवाज आला, "अरे देवा."

"देवा काय?" वर्नेल म्हणाली. "टाळ्या वाजवा की! कुणाचं तरी लेकरू आहे ते."

आणि तिने वाजवल्या. सगळ्यांत आधी, सगळ्यांत जोरात, वाकड्या बोटांनी. मग ऐंशी माणसांनी वाजवल्या.

शेवटचं नाव वाचून झालं आणि टीव्हीवर गाडीची जाहिरात लागली. कुणी कुणाकडे बघेना. ओडेसामावशी पिशव्या आवरायला लागल्या. पास्टर देवाची योजना या विषयावर दोन वाक्यं बोलले आणि तिसरं त्यांना सापडेना. लोक जेरिकोच्या खांद्यावर थोपटायला लागले, मेलेल्याच्या मुलाला थोपटतात तसे. तो मान खाली घालून होता. मला वाटलं हसू लपवतोय. नव्हता लपवत.

फोन सात मिनिटांनी आला. किनाऱ्यावरचे. सेलिनाने आधीच सगळं बोलून ठेवलं होतं. जेरिकोला फक्त हो म्हणायचं होतं. तो हो म्हणाला आणि बशीत फोन ठेवून लोकांना सांगितलं. पण ती वेळ टळून गेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिठ्या मारल्या, "तेही चांगलंच की" म्हटलं. मंचावर माणूस नव्हता, चिठ्ठी नव्हती. डॅरोकाकाने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "म्हणजे मिळाला ना संघ? की नाही मिळाला?" ओडेसामावशींनी हिरवा रंग काढला, नाव काढताना त्यांचा हात हलला आणि जेरिकोचा जे पडला वाकडा. वर्नेलने पहिला तुकडा मला दिला. बोलली मात्र नाही. आठ दिवस नाही.

याला सहा हंगाम झाले. जेरिकोने किनाऱ्यावर दुसऱ्याच महिन्यात जागा पकडली. तीन वर्षांनी, पंचविसाव्या वर्षी, तो मोकळा झाला आणि स्वतःच्या अटींवर दुसरा करार केला, जो माझ्या वेळच्या रनिंग बॅकला स्वप्नातही मिळाला नसता. यंदा सातवा हंगाम. दर रविवारी खेळ संपला की तो मला फोन करतो आणि पहिलं वाक्य एकच, "मामा, पाय जाग्यावर आहेत." वर्नेलने कारखाना सोडला आहे. बोटं अजून वळत नाहीत.

कॉर्डेल विम्सला उत्तरवाल्यांनी दोन हंगामांनंतर काढलं. एक्केचाळीस वेळा चेंडू मिळाला त्याला, एवढाच. पेपरच्या आतल्या पानावर दोन ओळींची बातमी होती. मी ती वर्नेलला दाखवायला घेऊन गेलो. खरं सांगायचं तर जिंकल्यासारखा गेलो. म्हटलं, बघ, हाच असता आपला जेरिको. हीच पिशवी.

ती ओट्याशी उभी राहून शेंगा निवडत होती. बातमी तिने दोनदा वाचली.

"त्याची आई किती नाचली होती," ती म्हणाली. "चपला उडाल्या होत्या तिच्या."

"हो."

तिने चार शेंगा निवडल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तरी तिने ऐकलं ना रे नाव, दादा."

माझ्याकडे वर्षं होती, आकडे होते, सगळा जबाब तयार होता. मी तिच्या बाजूला उभा राहिलो आणि शेंगा निवडायला घेतल्या.